मातीचे घर : कोणाचे दारिद्र्य, कोणाचा वारसा?

मराठवाड्याच्या खेड्यांतून आज झपाट्याने नाहीसे होत असलेले घर म्हणजे कच्च्या विटांचे मातीचे घर होय. नांदेड जिल्ह्यात नायगाव-देगलूरकडे जा किंवा लातूर जिल्ह्यात औसा-निलंग्याकडे जा. बौद्ध वस्तीत पुढे सिमेंटचे घरकुल आणि त्याच्या पाठीमागे पावसाने झिजलेल्या, खांद्याएवढ्या उरलेल्या जुन्या भिंती, असे दृश्य हटकून दिसते. त्या भिंतींच्या आत कुठे शेळ्या बांधलेल्या असतात, तर कुठे सरपण रचलेले असते. आणखी दोन-चार पावसाळ्यांत त्या भिंतीही मातीत मिसळून जातील.

हा बदल स्वागतार्ह आहे, हे प्रारंभीच स्पष्टपणे नमूद करतो. माता रमाईंच्या नावाने चालणाऱ्या आवास योजनेतून मिळणारे २६९ चौरस फुटांचे घर लहान असेल. परंतु पावसाळ्याच्या रात्री गळणाऱ्या छपराखाली भांडी मांडून बसलेल्या पिढीला त्या घराचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तथापि, इतिहासाचा शिक्षक या नात्याने एक प्रश्न मला गेली अनेक वर्षे सतावतो आहे. ज्या घरांतून आपली पहिली शिकलेली पिढी बाहेर पडली, ती घरे एकही नोंद मागे न ठेवता नाहीशी झाली, तर आपण नेमके काय गमावणार आहोत? माझे मत असे की, ही मातीची घरे आपला ऐतिहासिक वारसा आहेत. त्यांपैकी सर्वांची नोंद आणि काही मोजक्यांचे जतन झाले पाहिजे. आणि हे काम अन्य कोणी नव्हे, आपणच केले पाहिजे. या मताला होणारे आक्षेप गंभीर आहेत. म्हणून त्यांचा विचार करीतच हे मांडतो.

प्रथम हे घर म्हणजे काय ते पाहू. जुन्या कागदपत्रांतून गावाचे दोन भाग सांगितलेले असतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. आपल्या भागातील काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिची भिंत टिकत नाही. वस्तीच्या जागेवरील माती मात्र निराळी असते. पिढ्यान्‌पिढ्या कोसळलेल्या भिंती, चुलीची राख आणि शेणमाती यांचा थर साचत जाऊन ती पांढुरकी झालेली असते आणि भिंतीसाठी तीच चांगली. उन्हाळ्यात ही माती भिजत घालायची, तिच्यात गव्हाचे काड किंवा भुसा मिसळायचा, पायांनी तुडवायची, लाकडी साच्यातून विटा पाडायच्या आणि उन्हात वाळवायच्या. त्या विटा चिखलाच्याच गाऱ्यात रचायच्या. वर ऐपतीप्रमाणे तुराट्या-पळाट्या, पाचट, नाहीतर लाकडी किलचणीवर मातीचा थर. पाऊस सरला की आतून-बाहेरून लिंपण, भिंतींना पोतेरा आणि जमिनीला सारवण. हे शेवटचे काम पूर्णतः स्त्रियांचे. कोणत्या मातीत शेण किती घालावे, भेग कशी बुजवावी, चूल कोठे ठेवली म्हणजे धूर कोंडत नाही, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते आजीच्या हातातून आईच्या हातात आले. जुन्या भिंतीवर तिरपा उजेड पडला की लिंपणाऱ्या बोटांचे वळसे आजही दिसतात.

अशी कच्ची वीट फोडून पाहिली, तर तिच्यात खापराचा तुकडा किंवा कोळशाचा कण सापडण्याचा संभव असतो, कारण आजच्या घराची माती ही कालच्या घराची भिंत असते. पुरातत्त्वज्ञ प्राचीन वसाहतींचा शोध घेताना पांढरीची टेकाडेच शोधतात, ती याच कारणाने. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेव्हा इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शंभराहून अधिक मातीच्या घरांचे अवशेष मिळाले. चुली, धान्य साठविण्याच्या जागा, घराच्या जमिनीखाली पुरलेली माणसे, यांवरून महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांचे जीवन आपल्याला कळले. तेथे ना शिलालेख होता, ना ताम्रपट. लातूरच्या शेजारचे तेर, म्हणजे प्राचीन तगर, हेही अशाच पांढरीच्या थरांतून प्रकट झाले. सामान्य माणसाचा इतिहास हा असा मातीत लिहिलेला असतो. तीन हजार वर्षांपूर्वीची घरे खणून काढून आपण त्यांची मोजमापे घेतो. मग सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे घर डोळ्यांसमोर उभे असताना त्याचे मोजमाप घेणे कमीपणाचे का वाटावे?

मी दरवर्षी नववीच्या वर्गाला आपल्या तालुक्यातील ऐतिहासिक वास्तूंची यादी करून आणावयास सांगतो. कंधारचा किल्ला येतो, उदगीरचा किल्ला येतो, खरोशाची लेणी, होट्टलची मंदिरे, माहूरगड, सारे काही येते. आपल्या आजोबांचे घर कोणीही लिहून आणत नाही. दोष मुलांचा नाही. वारसा म्हणजे दगडाचे, राजाचे किंवा देवाचे काहीतरी असते, हे त्यांनी पाठ्यपुस्तकातून आणि आपल्याकडूनच शिकलेले आहे. कायद्याचीही दृष्टी फारशी वेगळी नाही. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी वास्तूच संरक्षणास पात्र ठरते. दगडाला शंभर वर्षे सहज मिळतात. भूमिहीनाच्या मातीच्या भिंतीला ती कोठून मिळणार?

आता या घरांचा सामाजिक इतिहास पाहू. आपल्या पूर्वजांची घरे गावकुसाबाहेर होती. गावकूस म्हणजे गावाभोवतीची भिंत. त्या भिंतीची आणि चावडीची डागडुजी करणे हे महारकीच्या कामांत मोडत असे. म्हणजे ज्याला गावकुसाच्या आत राहण्याचा अधिकार नव्हता, त्यानेच ते गावकूस उभे ठेवायचे! त्या हातांना मातीचे सगळे कसब अवगत होते. नव्हती ती स्वतःच्या मालकीची जमीन आणि चांगले लाकूड. म्हणूनच आपल्या वस्तीतील मातीचे घर ही केवळ एक बांधकामपद्धती नव्हे. त्याची जागा, त्याच्या दाराची उंची, खिडकीचा अभाव, पाणवठ्यापासूनचे अंतर, या सर्व गोष्टी जातिव्यवस्थेचा पुरावा आहेत. तो पुरावा कोणी शब्दांनी नाकारला, तरी मोजपट्टीने सिद्ध करता येतो.

येथे पहिला आक्षेप येतो. गुलामगिरीची खूण जपायची कशाला? बाबासाहेबांनी तर खेड्याचे उदात्तीकरण ठामपणे नाकारले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्यांची जी परखड चिकित्सा केली ती सर्वश्रुत आहे. मग त्यांच्या अनुयायांनी मातीच्या घराचे गोडवे गावेत काय?

मुळीच गाऊ नयेत. येथे सेवाग्रामचे उदाहरण उपयोगी पडेल. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास गेले. तेथे परिसरातील माती, बांबू आणि कवेलू यांतून कुट्या उभारल्या गेल्या. बापूकुटी आज देशातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध मातीचे घर असेल. तिची निगा राखली जाते, दूरदूरचे लोक ती पाहावयास येतात. १९७८ मध्ये इव्हान इलिच यांच्यासारख्या विचारवंताने तेथे बसून साधेपणावर चिंतन केले. त्या जतनाबद्दल माझी तक्रार नाही. उलट मातीची भिंत ८०-९० वर्षे कशी टिकवावी, हे आपण तेथून शिकावे. पण एक फरक विसरता कामा नये. बॅरिस्टर झालेल्या माणसाने स्वेच्छेने मातीचे घर पत्करणे आणि माणसाला मातीच्या घरावाचून दुसरा पर्यायच नसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे स्मारक आहे, दुसरीचे नाही. देशात मातीच्या घराची आठवण केवळ स्वेच्छेच्या साधेपणाच्या रूपाने राहिली, तर पुढच्या पिढ्यांना असे वाटेल की खेड्यातील सारेच लोक आवडीने असे राहत होते. आपल्या वस्तीतील एक तरी घर उभे असले, तर हा गैरसमज होणार नाही. खेड्याविषयी बाबासाहेबांनी जे सांगितले त्याचा तो साक्षीदार ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक वेदनादायक आहे आणि लातूरच्या वाचकांसमोर तो टाळता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली. गणेश विसर्जनाची रात्र नुकतीच सरत होती. आठ ते दहा हजार माणसे गेली. ५२ गावांचे संपूर्ण पुनर्वसन करावे लागले. जी घरे कोसळली ती बहुतांशी माळवदाची होती. मातीत रचलेल्या गोट्यांच्या दोन-तीन फूट जाड भिंती, आतल्या व बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, आणि डोक्यावर वर्षानुवर्षे वाढत गेलेला मातीचा थर. त्या भाराखाली झोपलेली माणसे दबून गेली. ज्यांनी ती पहाट पाहिली, त्यांना मातीच्या घराचा वारसा सांगणे क्रूरपणाचे वाटेल.

त्यांच्या भावनेचा आदर राखून दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी की, भूकंपानंतर अभियंत्यांनी केलेल्या पाहणीत कुडाच्या भिंतीची, हलक्या छपराची झोपडी बहुतांशी तगून राहिल्याचे आढळले. माणसे मारली ती जड छपराने आणि न बांधलेल्या दगडांनी. म्हणजे जुन्या घरांत काय घातक होते आणि काय शहाणपणाचे होते, हे ती घरे नीट अभ्यासल्यानेच कळते. दुसरी गोष्ट अशी की, जतन म्हणजे वास्तव्य नव्हे. ज्या घरात राहणे धोक्याचे आहे त्यात कोणीही राहू नये, आणि वारशाच्या नावाखाली कोणाही कुटुंबाचे पक्के घर अडवू नये. या अटीवर तडजोड नाही.

या विषयावर धम्मदृष्टीने काय म्हणता येईल? विनयपिटकात धनिय नावाच्या भिक्खूची कथा आहे. तो कुंभाराचा मुलगा. राजगृहाजवळ त्याने बांधलेली गवताची कुटी लाकूड-गवत गोळा करणाऱ्यांनी तीनदा मोडून नेली, तेव्हा त्याने आपले कसब वापरून संपूर्ण मातीची कुटी घडविली आणि गोवऱ्या, लाकडे, गवत रचून ती भाजून काढली. ती तांबूस, देखणी झाली. परंतु ती भाजताना असंख्य जीव होरपळले, म्हणून तथागतांनी त्याची निर्भर्त्सना केली आणि ती कुटी मोडून टाकण्यास भिक्खूंना सांगितले. जिवापेक्षा वास्तू मोठी नाही, हा धडा त्यातून मिळतो आणि किल्लारीच्या संदर्भात तोच आपला निकष असला पाहिजे.

परंतु त्याच तथागतांनी महापरिनिब्बानसमयी आनंदाला चार स्थाने दर्शनीय म्हणून सांगितली : जन्माचे, बोधीचे, पहिल्या उपदेशाचे आणि महापरिनिब्बानाचे. या चारांत एकही राजवाडा नाही. ती सुंदर आहेत म्हणून पाहावीत असे तथागत म्हणत नाहीत. ती संवेग उत्पन्न करतात, म्हणजे मन हेलावून ते विचाराला प्रवृत्त करतात, म्हणून पाहावीत. वारशाची याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही. आजोबांच्या घराच्या दारातून वाकून आत शिरताना डॉक्टर किंवा अभियंता झालेल्या नातवाच्या मनात जे उठेल, त्याला संवेग हेच नाव योग्य आहे.

कोणी म्हणेल, सर्व संस्कार अनित्य आहेत, मग मातीला इतके का जपावे? गोदातीरी राहणाऱ्या बावरीची आठवण सुत्तनिपातात आहे. त्याच्या नावाने नांदेडजवळ दाभडला बावरीनगर वसले आणि तेथे दरवर्षी धम्म परिषदेला अफाट जनसमुदाय लोटतो. बावरीच्या निवासाचा कणही उरलेला नाही. तरी तो आठवतो, कारण ग्रंथात लिहून ठेवला गेला. आपल्या पणजोबांना लिहिण्याचा अधिकारच नव्हता. त्यांनी मागे ठेवलेला एकमेव दस्तऐवज म्हणजे ती भिंत. ती पडण्याआधी निदान वाचून तरी घेऊ या.

आणि मातीची भिंत टिकत नाही, हेही पूर्ण सत्य नाही. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात ताबो येथे इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला बौद्ध विहार कच्च्या विटांचाच आहे. भिंतींवरील चित्रांसह तो आज हजार वर्षांनंतरही उभा आहे. आफ्रिकेत माली देशातील जेन्ने येथे मातीची प्रचंड मशीद आहे. सारे गाव वर्षातून एकदा एकत्र जमून तिला लिंपते. ताबोला पाऊस कमी, हे खरे. पण जेन्नेचा धडा आपल्या आजींना आधीच ठाऊक होता : मातीचे घर वर्षातून एकदा माणसांचा हात मागते. तो हात मिळत राहिला की ते उभे राहते.

आपल्या समाजाने आणि शासनाने वास्तूंच्या बाबतीत काय केले, याचा हिशेबही मांडला पाहिजे. लंडनमध्ये बाबासाहेब ज्या घरात राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले, योग्यच केले. पण १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीमाईंनी जेथे मुलींची शाळा सुरू केली, तो पुण्याचा भिडे वाडा वर्षानुवर्षे न्यायालयीन वादात खितपत पडून इतका खचला की डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडावा लागला. तेथे भव्य स्मारक होईल. सावित्रीमाईंनी पाहिलेल्या भिंती मात्र परत येणार नाहीत. दादरच्या आंबेडकर भवनाची आणि तेथील बुद्धभूषण छापखान्याची वास्तू जून २०१६ मध्ये एका रात्रीत पाडली गेली, तेव्हा समाज रस्त्यावर आला. पण तोवर वास्तू गेली होती. आपण पुतळे उभारण्यात आणि कमानी रंगविण्यात कमी पडत नाही. जे मूळ आहे, साधे आहे, पडके आहे, त्याकडे पाहावयास मात्र आपल्याला उशीर होतो.

मराठवाड्यात तर या विस्मरणाची किंमत अधिक आहे. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि त्यानंतर नांदेड, परभणीसह अनेक जिल्ह्यांत आपल्या वस्त्या जाळण्यात आल्या. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांचे बलिदान आपण जाणतोच. छप्पर जळते, मातीची भिंत जळत नाही. ती काळवंडून उभी राहते. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, त्याला आता तीन दशके उलटली. त्या काळवंडलेल्या भिंतींपैकी किती उरल्या आहेत, कोणत्या गावात उरल्या आहेत, याची यादी आपण करावयास हवी होती. अजूनही करता येईल.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने काही ठोस सूचना करतो.

पहिली सूचना विद्यार्थ्यांसाठी. येत्या दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहातील प्रत्येक मुलाने आणि मुलीने आपल्या किंवा शेजारच्या जुन्या मातीच्या घराची एक वही करावी. फुटपट्टी किंवा दोरीने माप घेऊन आराखडा काढावा. घर कोणी बांधले, माती कोठून आणली, लाकूड कोणी दिले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. साल आठवत नसेल तर पोलिस ॲक्शनच्या आधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळात की भूकंपाच्या वर्षी, असे विचारावे. आपल्याकडे म्हातारी माणसे काळ असाच मोजतात. दिवळी, कोनाडा, बळद, उतरंड, मेढी, आढे हे शब्द उच्चारासह लिहून घ्यावेत. त्या घरातून शाळेत गेलेले पहिले माणूस कोण, हे अवश्य नोंदवावे. वह्यांची प्रत शाळेच्या ग्रंथालयात राहावी.

दुसरी सूचना पालकांसाठी. घरकुलासाठी जुने घर पाडायचे असेल तर निःशंक पाडा. पण त्याआधी चारही बाजूंनी छायाचित्रे काढा आणि आजीला त्या घरात बसवून तिचे बोलणे मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित करा. शक्य असेल तर एखादी तुळई, दाराची चौकट किंवा जाते जपून ठेवा.

तिसरी सूचना माजी विद्यार्थ्यांसाठी. प्रत्येक तालुक्यात एक घर, कुटुंबाच्या पूर्ण संमतीने, मालकी त्यांचीच ठेवून जतन करावे. त्या कुटुंबाचे पक्के घर आधी झालेले असावे. छप्पर हलके करावे आणि पाया पाण्यापासून वाचवावा. उत्साहाच्या भरात सिमेंटचा गिलावा मात्र करू नये; सिमेंट ओल आत कोंडते आणि माती आतल्या आत भुसभुशीत होते. मातीला मातीचेच लिंपण हवे. वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास, वस्तीने एकत्र येऊन ते करावे. आणि त्यात पुरुषांनी व मुलांनीही हात चिखलात घालावेत. दारावर एक पाटी असावी आणि तिच्यावर देणगीदारांची नव्हे, तर त्या घरात राहिलेल्या स्त्री-पुरुषांची नावे असावीत.

यासाठी मोठा निधी लागत नाही. जी मुले आज या शाळेच्या पक्क्या वर्गखोल्यांतून शिकत आहेत, त्यांची आजी-आजोबांची पिढी अजून आपल्यात आहे. माती कशी तुडवायची हे त्यांना अजून आठवते. पुढील दहा वर्षांत हे चित्र बदलेल. तेव्हा या वर्षीच आरंभ व्हावा आणि पुढच्या स्मरणिकेत निदान पन्नास घरांच्या नोंदी प्रसिद्ध व्हाव्यात, अशी विनंती मी संस्थेला, पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना करतो.

नमो बुद्धाय! जय भीम!